आत्मौपम्य आणि कुत्रीचें घर

दुसऱ्याचें भलें करण्याची इच्छा मनांत असली म्हणजे त्याचें भलें होतेंच, अशी आपली एक समजूत असते. पन्नाशी उलटेपर्यंत ती माझीहि होती. तीस धक्का दिला तो कोणा तत्त्ववेत्त्यानें नव्हे, तर रस्त्यावरच्या एका कुत्रीनें. चार रविवार खपून मीं स्वतःच्या हातानें तिच्यासाठीं घर बांधलें, आणि त्यांत पाऊल टाकण्याचें तिनें साफ नाकारलें.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्यें आम्ही राहतों. घराच्या मागें लहानसें परसूं आहे. त्यांत एक तुळस, एक कढीलिंब आणि एक धुण्याचा दगड. दोन वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत तांबूस रंगाची एक कुत्री मागील दारीं येऊन बसूं लागली. तिच्या कानाला पाडलेली खांच सांगत होती कीं तिची शस्त्रक्रिया होऊन गेलेली आहे. आईनें तिला उरलेली भाकरी घातली, मुलीनें तिचें नांव तांबू ठेवलें, पत्नीनें 'घरांत घ्यायची नाहीं' अशी अट घातली. आणि कोणींहि ठराव न मांडतां ती आमच्या कुटुंबांत सामील झाली.

पुढील पावसाळ्यापूर्वीं तिला निवारा असावा असें माझ्या मनानें घेतलें. आमच्या शहरांत लांकडी सामानाच्या दुकानांना तोटा नाहीं. अशाच एका दुकानांतून उरल्यासुरल्या फळ्या आणल्या. करवत, रंधा, गुण्या आणि पावशेर खिळे एवढ्या सामग्रीवर काम सुरू झालें. मुलगी फळी धरी, मी ठोकीं; दोन वेळां अंगठा चेचला, तरी उत्साह मावळला नाहीं. जन्मभर पुस्तकांतले सिद्धांत शिकविणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातानें कांहीं उभें करण्यांत किती आनंद असतो, हें ज्यानें तो घेतला आहे त्यासच कळेल. जमिनीचा ओलावा लागूं नये म्हणून घर विटांवर ठेवलें, उतरतें पत्र्याचें छप्पर घातलें, हिरवा तेलरंग दिला, आणि वारा-पाऊस आंत येऊं नये, शिवाय तिला एकांतहि मिळावा, म्हणून दाराचें तोंड कुंपणाच्या भिंतीकडे केलें. दारावर पांढऱ्या अक्षरांत 'तांबू' असें लिहिलें.

तांबूनें घर चहूं बाजूंनीं हुंगलें, एकदां शिंकली आणि मागील दाराच्या उंबऱ्याशीं जाऊन पूर्ववत् पसरली. मीं भाकरीचा तुकडा आंत टाकला. तिनें मान लांब करून तो उचलला आणि बाहेरच खाल्ला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशीं आभाळ भरून आलेलें पाहून मीं तिला धरली आणि आंत ढकलली. ती माझ्यावर गुरगुरली. तोंवर ती कोणावरहि कधीं गुरगुरली नव्हती. "कृतघ्न!" मी म्हणालों. मुलगी शेजारींच उभी होती. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, पण तिनं हें मागितलं कुठं होतं?"

त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप लागली नाहीं. एका मुक्या प्राण्यावर मीं बळजबरी केली होती, आणि वर रागहि मलाच आला होता. दुसऱ्या दिवशीं मुलीच्या आग्रहावरून मी परसांत पालथा पडलों आणि घराच्या दारांत डोकें घालून, तेथून बाहेर काय दिसतें तें पाहिलें. हातभर अंतरावर भिंत दिसली. दुसरें कांहीं नाहीं. दुपारचा पत्रा तापलेला होता. पावसांत तो ढोलासारखा वाजत असणार. ज्या प्राण्याचें निम्में जग वासाचें, त्याला मीं ताज्या तेलरंगांत कोंडूं पाहत होतों. रंग, दार, नांवाची पाटी, एकांत, यांपैकीं प्रत्येक गोष्ट मला आवडणारी होती. घर तांबूच्या नांवाचें होतें, पण मापें सारीं माझीं होतीं.

येथें नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याशीं कसें वागावें याची कसोटी म्हणून आपल्याकडे गीतेनें आत्मौपम्य सांगितलें, म्हणजे स्वतःवरून दुसऱ्याचें सुखदुःख ओळखणें. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त या आत्मौपम्यबुद्धीला नीतीच्या विचारांत मोठें स्थान दिलें आहे. आणि ख्रिस्ताच्या व कन्फ्यूशियसच्या उपदेशांतहि हेंच तत्त्व आढळतें. मीं तरी दुसरें काय केलें होतें? स्वतःवरूनच तर तांबूचें सुख ठरविलें होतें! मग कसोटी खोटी कीं मी खोटा?

मला वाटतें, कसोटी खरी आहे. ती लावण्यांत मात्र आपण चुकतों. 'मला जें आवडतें तें त्याला द्यावें' हा तिचा अर्थ नव्हे. माझ्यासाठीं कोणी कांहीं करूं लागला, तर त्यानें आधीं माझी आवड विचारावी, असें मला वाटतें. मग मींहि दुसऱ्याची विचारावी, हा तिचा अर्थ. आपल्या आवडीचें माप घेणें सोपें असतें, कारण तें नेहमीं आपल्या खिशांतच असतें.

कोणी म्हणेल, मुक्याला विचारावें कसें? पाहून. तांबू कोठें बसते, कोणाकडे तोंड करून निजते, हें मी वर्षभर पाहत होतों. पण तें तिचें उत्तर आहे हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतों, आणि ती नेहमीं नामदेवांच्या बाजूनें ऐकतों. त्या कुत्र्याच्या बाजूनें पाहिलें तर एक माणूस आपल्या पाठीं लागला आहे, एवढेंच दिसतें. नामदेवांची गोष्ट वेगळी. त्यांना कुत्र्यांत विठ्ठल दिसत होता. आपणां सामान्यांना मात्र पुष्कळदां कुत्र्यांत आपलें औदार्यच दिसत असतें.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. तापानें फणफणलेल्या मुलाला कडू औषध त्याला विचारून द्यावयाचें काय? नाहीं. कांहीं गोष्टी इच्छेविरुद्धहि कराव्या लागतात. पण तेथें त्याची गरज खरी असते, आपली हौस नसते; आणि औषध पाजून त्याच्याकडून कोणी आभाराची अपेक्षा करीत नाहीं. जेथें आपणांस कृतज्ञतेची वाट पाहावीशी वाटते, तेथें आपण कोणासाठीं काम करीत होतों हें एकदां तपासून पाहावें.

मी राहतों तें शहरच या प्रश्नावरील एक भाष्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ ही छावणी सैनिकांसाठीं उभारण्यांत आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून तिचें उल्हासनगर झालें. लांबच लांब बराकी शिपायांच्या मापाच्या होत्या. त्यांत देवघराचा कोनाडा नव्हता, पापड वाळत घालण्यास जागा नव्हती, म्हाताऱ्यांना बसण्यास ओटा नव्हता. पण राहणाऱ्यांनीं आडोसे उभारले, भिंती फोडल्या, पडव्या काढल्या, घरोघर लहानमोठे उद्योग मांडले. आणि दुसऱ्याच्या मापाचें घर हळूहळू आपल्या मापाचें केलें. मिळालेलें बदलण्याचें बळ ज्याच्या अंगीं असतें तो त्याचें स्वतःचें कांहीं करून घेतो. ज्याच्या अंगीं तें नसतें, त्याच्या बाबतींत विचारण्याचा भार देणाऱ्यावरच राहतो.

आणि असें माणूस माझ्या घरांतच होतें. वडील गेल्यावर आईला मीं मुरबाडकडील गांवाहून येथें आणलें. तिच्यासाठीं वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली बांधली. जवळच न्हाणीघर, पंखा, गादीचा पलंग, सारें कांहीं केलें. आई रात्रीं तेथें निजते, पण दिवसभर गुडघे धरून जिना उतरते आणि मागील दाराच्या उंबऱ्याशीं, तांबूच्या शेजारीं, येऊन बसते. 'वरती आराम कर' असें मी तिला चार वर्षें सांगत आलों, कधीं कधीं चिडूनहि. आई आणि कुत्री यांची तुलना कोणास रुचणार नाहीं, मलाहि रुचत नाहीं. पण ही तुलना त्या दोघींची नाहीं; माझी माझ्याशींच आहे. दोन्ही घरें बांधणारा मनुष्य एकच होता.

भिंतीकडे तोंड केलेल्या त्या दारांतून उठलों तो तसाच आईजवळ गेलों आणि चार वर्षांत प्रथमच तिला विचारलें, "आई, वरची खोली तुला आवडत नाहीं का?"

"चांगली आहे कीं रे," ती म्हणाली. थोडी थांबली, आणि मग जणूं स्वतःचाच अपराध सांगावा तशी हलक्या आवाजांत म्हणाली, "पण तिथून कोणी दिसत नाहीं."

आतां मागील पडवीला झांपा घालून तेथें आईची खाट मांडली आहे. स्वयंपाकघर तेथून समोर दिसतें. येणारा-जाणारा तिच्याशीं दोन शब्द बोलून पुढें जातो. तांबूचें घर मीं मोडलें नाहीं. पत्रा काढून फळ्यांचें छप्पर घातलें, पाटी पुसली आणि तोंड पडवीकडे फिरविलें. सर जोराची आली कीं ती आंत जाते, आणि उघडीप पडतांच बाहेर येऊन खाटेखालीं निजते. पत्नीची अट अजून कायम आहे. पडवी घरांत मोडते कीं बाहेर, हें मात्र तिला अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं.