सर्वांभूती देव आणि पिशवीची गाठ

एका गावी कीर्तन आटोपून आम्ही ओट्यावर बसलो असता एक वृद्ध माउली पुढे आली. पाया पडून म्हणाली, "बुवा, एक इचारू का? तुम्ही आत्ता सांगितलंत, समद्यांत पांडुरंग हाय. अन् वारीला निघताना माझा ल्योक सांगतो, आये, पिशवीला गाठ मार, कुनावर इस्वास ठिवू नगं. आता खरं कुनाचं मानू? तुमचं का त्याचं?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि "दोघांचंही खरं आहे, आई" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री आम्हांला झोप लागेना. बाईचा प्रश्न साधा नव्हता. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, अनोळखी माणसाला माउली म्हणून हाक मारतो. ज्याच्या पायांवर आत्ताच डोके ठेवले त्याच्याच हाताकडे संशयाने पाहावयाचे, हे ढोंग नव्हे काय? आणि मुळीच न पाहावे, तर चंद्रभागेच्या वाळवंटात अंगावरचे तेवढे राखून बाकी सारे गमावून बसावे काय?

शास्त्राची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, मग उत्तर द्यावे. आपणही तसेच करू.

पहिला पक्ष भाविकांचा. ते म्हणतात, "ज्याने आपला भार देवावर घातला त्याने पैशाला गाठ मारू नये. गेले तर देवाचेच गेले. तुकोबारायांनी नाही का कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली?" गोष्ट खरी आहे, पण ती पुरती ऐकावी. परंपरा असे सांगते की, महाराजांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि डोहात सोडला तो केवळ स्वतःचा. दुसऱ्याचे बुडवून विरक्त होण्याचा मार्ग तुकोबांनी दाखविलेला नाही.

आता आपण आपल्या पिशवीत डोकावू. त्यात शेजारणीने देवापुढे ठेवण्यासाठी दिलेले ११ रुपये असतात. नातीसाठी बांगड्या आणावयाच्या असतात. मुलाने उसने काढून दिलेले परतीचे भाडे असते. सुनेने घरखर्चातून वाचवून सासूच्या पदराला बांधलेली एखादी नोट असते. हे सारे आपले नव्हे, ही ठेव आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत निक्षेप म्हणजे ठेव हे एक स्वतंत्र पद आहे. ठेव सांभाळणे हे शास्त्राने एवढे मोठे कर्तव्य मानले असता, ती वाटेवर सांडून "देवाची मर्जी" म्हणणे याला वैराग्य म्हणता येणार नाही. तो आळस आहे, आणि त्याची भरपाई घरची माणसे करतात.

दुसरा पक्ष त्या बाईच्या मुलाचा. तो म्हणतो, "कोणावरही विश्वास ठेवू नये." यावर पंचतंत्रातली देवशर्म्याची गोष्ट ऐकावी. देवशर्मा नावाचा एक परिव्राजक होता. त्याच्यापाशी पुष्कळ द्रव्य साठले होते. ते तो रात्रंदिवस काखेत बाळगी, आणि जगात कोणावरही विश्वास ठेवीत नसे. हे एका ठकाने हेरले. तो शिष्य होऊन आला, गुरूचे पाय चेपू लागला. गुरू त्याला रात्री मठात घेत नसे, तर तो बापडा दाराशी खोपट करून पडे. पुढे दोघे प्रवासाला निघाले. वाटेत नदी लागली. देवशर्म्याने द्रव्य कंथेत गुंडाळले, ते शिष्याच्या हवाली केले आणि तो शौचास गेला. तिकडे दोन एडक्यांची टक्कर चालली होती, ती बघत राहिला. परत येतो तो शिष्य नाही आणि द्रव्यही नाही. त्या ठकाचे नाव आषाढभूती. ढोंगी माणसाला आपण आजही त्याच नावाने ओळखतो.

या गोष्टीतले वर्म असे की, देवशर्मा भोळा नव्हता. सगळ्या जगावर संशय घेणारा तो मनुष्य होता, आणि तरीही बुडाला. संशय दिवसरात्र जागा राहू शकत नाही. कोठेतरी तो थकतो, आणि जो गोड बोलतो, पाय चेपतो, त्याच्यापाशी येऊन झोपी जातो. म्हणजे संशय साधूला दुखवतो आणि ठकापुढे फसतो, असे त्याचे दुहेरी नुकसान आहे.

हे आम्ही पोथीतून शिकलो असे म्हणावयास आम्हांस आवडले असते. पण आम्ही ते फलटणच्या तळावर शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. काही वर्षांमागे लोणंदहून एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा आमच्या दिंडीत मिसळला. गळ्यात माळ नव्हती. पण टँकरवरून पाण्याचे हंडे आणी, म्हाताऱ्यांच्या वळकट्या ट्रकवर चढवी, फार बोलत नसे. फलटणला संध्याकाळी एका बाईच्या बटव्यातले ३२०० रुपये दिसेनात. रडारड झाली. कोणीतरी म्हणाले, "नवा तर तो एकटाच आहे." सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. एक शब्द बोललो असतो तर तेथेच थांबले असते. आम्ही म्हणालो, "बघा एकदा. मनात किंतु नको."

त्याचे बोचके सर्वांसमक्ष सोडण्यात आले. एक सदरा, एक टॉवेल आणि कागदाच्या पुडीत बुक्का, एवढेच निघाले. पोराने काही न बोलता ते पुन्हा बांधले. पहाटे काकड्याला तो नव्हता. पुढे नातेपुत्यास बाईने घोंगडी झटकली, तेव्हा तिच्या घडीतून पैसे खाली पडले. तिनेच ते तेथे ठेवले होते आणि विसरली होती. बाई फार रडली. आम्हांला रडण्याचीही सोय नव्हती. त्या रात्री कीर्तन आमचेच होते.

चोराने नेले असते तर ३२०० रुपये गेले असते. आमच्या संशयाने एक वारकरी गेला, आणि तो पुन्हा वारीला आला की नाही हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

तेव्हा उत्तरपक्ष आम्हांला असा दिसतो. संशय आणि सावधपण ही एक नव्हेत. संशय माणसावर असतो, सावधपण आपल्या वस्तूवर असते. संशय तोंड पाहून, कपडे पाहून, जात-गाव विचारून ठरतो. सावधपण सर्वांना सारखे असते, म्हणून त्याने कोणाचाच अपमान होत नाही. रात्री दाराला कडी लावणारा मनुष्य शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

त्या वर्षापासून आमच्या दिंडीत नियम झाला. रोजच्या खर्चापुरते पैसे जवळ ठेवावे, बाकीचे दिंडीच्या वहीत दोघांसमक्ष लिहून जमा करावे, लागतील तसे सही करून घ्यावे. दागिने घरी ठेवून यावे, माळ पुरे. स्नानाला सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरू नये, पाळीपाळीने एकाने कपड्यांपाशी बसावे. रिंगणाच्या वेळी आणि गाडीत चढताना पिशवी पाठीवर न टाकता पोटाशी धरावी. काही हरवले तर आधी ज्याचे हरवले त्याने आपले सामान तीनदा शोधावे. दुसऱ्याचे बोचके दिंडीत कोणी सोडावयाचे नाही. हा नियम नव्याला जसा, तसाच तीस वर्षांच्या वारकऱ्याला, आणि तसाच आम्हांलाही.

फसविणाऱ्याचे शास्त्र निराळे. तो हात घालीत नाही, आपल्याच हाताने काढून द्यावयास लावतो. त्यासाठी त्याला मनुष्याची एखादी दोरी लागते. त्या दोऱ्या तीन : भय, लोभ आणि भीड.

भयाची दोरी अशी. साधा सदरा घातलेला मनुष्य रस्त्यात म्हाताऱ्या बाईला अडवतो. "मी पोलीस आहे. पुढे चोरी झाली आहे. दागिने काढा, कागदात बांधून देतो." पुडी परत मिळते, घरी सोडून बघावी तर आत खडे. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून पुडी बांधून देत नाही. असे कोणी म्हणाले तर जागचे हलू नये, चार माणसांना हाक मारावी, ११२ वर फोन करावा.

लोभाची दोरी तर भाविकाला देवाच्याच नावाने बांधते. "रांगेत कशाला उभे राहता? इतके द्या, लगेच दर्शन करवतो." अहो, आपले कितीतरी वारकरी आषाढीला कळसाचे दर्शन घेऊन, नामदेव पायरीवर डोके ठेवून तृप्त मनाने माघारी फिरतात. ज्या देवाने भक्तासाठी विटेवर उभे राहणे पत्करले, त्याच्या दारी आपल्याला दोन घटका उभे राहणे जड व्हावे काय? अलीकडे हा लोभ फोनमध्येही शिरला आहे. नामांकित भक्तनिवासाच्या नावाने खोटी पाने काढून खोलीचे आगाऊ पैसे उकळतात. पैसे पाठवण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात किंवा जाऊन आलेल्या माणसापाशी चौकशी करावी. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, एवढे पाठ करून ठेवावे. ओटीपी कोणाला सांगू नये.

भीड ही तिसरी, आणि आपणा वारकऱ्यांची खरी दुखरी जागा. समोरच्याच्या गळ्यात माळ असते, कपाळी गंध असते, तो "माउली" म्हणतो, मग नाही कसे म्हणावे? गाडीत अनोळखी सोबती पेढा देतो, चहा देतो. घेतला नाही तर त्याला वाईट वाटेल. यावर उपाय नियमाचाच. "आमचा नेम आहे, प्रवासात बाहेरचे घेत नाही," असे हात जोडून सांगावे. खरा सज्जन रागावत नाही. नेमाला मान देणे वारकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

एवढे करूनही मनुष्य फसतो. तेव्हा लपवू नये. कित्येक म्हातारी माणसे मुलगा रागावेल म्हणून गप्प राहतात आणि आतल्या आत झुरतात. फोनवरून पैसे गेले तर तत्काळ १९३० वर कळवावे, जितके लवकर तितके बरे. आगगाडीत काही घडले तर १३९ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे असा गुन्हा कोठेही घडो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून माघारी फिरू नये. आणि घरच्यांनो, फसून आलेल्या आईला आधी पाणी द्या. बोलावयाचे ते मागाहून बोला.

आता त्या माउलीचे उत्तर. आई, तुमच्या लेकाचे अर्धे खरे आहे. पिशवीला गाठ मारा, घट्ट मारा, कारण आत दुसऱ्यांची ठेव आहे. पण गाठ पिशवीलाच मारा, मनाला मारू नका. उघडी पिशवी पाहून एखाद्या भुकेल्याची बुद्धी फिरते, म्हणजे त्याच्यातला देवही आपणच झाकतो. गाठ मारलीत तर तुमची ठेव राहील आणि त्याचे पापही टळेल. मग दोन्ही हात मोकळे होतील, ते त्याच्या पायांकडे न्या.

आणि लोणंदहून आलेल्या त्या पोराच्या हाती हा अंक कधी पडला, तर त्याने आमच्या दिंडीत यावे. पाया पडण्याची पाळी आमची आहे.

रामकृष्णहरि.