वसुली

माणसानं दारू प्यावी की पिऊ नये, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीनं कायमचा निकालात काढला होता. पिऊ नये. संपलं! गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि पुढची पन्नास वर्षं मराठी मध्यमवर्ग नुसत्या त्या नावानं दचकून चहा पीत राहिला. जे काही धाष्टर्य उरलं होतं त्याच्यासाठी १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. तो आपल्याकडे अजूनही आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं, खिडक्या लावून प्यायची म्हटली तरी कायद्यानं परवाना लागतो. थोडक्यात, वडिलांच्या वेळी दारू हा पाप-पुण्याचा मामला होता.

माझ्यासमोर गेल्या वर्षी जो प्रश्न उभा राहिला तो याहून बिकट होता. पैसे आधीच भरलेले असतील, तर दारू न पिणं नीतीला धरून आहे का?

हसू नका. ज्या घरात पानात शीत टाकलं तर आजी पाठीत धपाटा घालायची, त्या घरात मी वाढलो आहे. भरलेले पैसे वाया घालवणं आणि भात टाकणं यांत फरक काय, हे मला आजतागायत कुणी पटवून दिलेलं नाही.

झालं असं, की आमची मुलगी अमेरिकेत असते. तीन वर्षांपूर्वी तिनं आम्हां दोघांना मायामीहून बहामाला जाणाऱ्या बोटीवर चार रात्री फिरवून आणलं होतं. त्या कंपनीच्या बोटीवर मी प्यालेल्या पेयांचा जमाखर्च मला तोंडपाठ आहे: बिअर दोन. त्यातली दुसरी अर्धी प्यालो, कारण पहिलीचं बिल मधेच आलं. बाकीचे दिवस मी फुकटच्या लिंबू सरबतावर काढले आणि मला कसलीही उणीव भासली नाही. पण मुलीच्या मनात ते राहिलं असावं. गेल्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, या वेळी दुसऱ्या कंपनीची बोट घेऊ. सात रात्री. आणि तुम्ही ड्रिंक पॅकेज घ्यायचं. दर ग्लासाला तुमचं ते डॉलरला रुपयांनी गुणणं मला बघवत नाही."

पॅकेज म्हणजे काय, तर आपल्याकडची अमर्यादित थाळी, फक्त पातळ पदार्थांची. रोजचे ठरावीक पैसे आधी भरायचे आणि मग बिअर, वाईन, व्हिस्की, कॉफी, सोडा, वाटेल तितकं मागायचं. आमच्या बोटीवर भाव होता माणशी दिवसाला ७० डॉलर. वर १८ टक्के बक्षिसी, तीही आधीच कापून घेतलेली. म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. एका दिवसापुरतं घेता येत नाही, सगळ्या सफरीचं घ्यावं लागतं. सात दिवसांचे झाले ५७८ डॉलर २० सेंट. बारवर सुटा पेला घेतला तर १४ डॉलर आणि त्यावर तीच बक्षिसी, म्हणजे १६ डॉलर ५२ सेंट. भागाकार करा. मी बोटीवर चढण्यापूर्वी तीनदा केला. उत्तर बरोब्बर पाच येतं. रोज पाच पेले रिचवले तर कंपनी आणि मी फिटंफाट. सहावा पेला हा निव्वळ नफा.

जाहिरातीत अमर्याद म्हटलेलं असलं, तरी मर्यादा असतातच. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजात मद्याचे पेले दिवसाला १५ हून जास्त मिळत नाहीत. हे वाचून मला भीती वाटली ती पंधराची नव्हे. सोळावा मागणारं कुणीतरी भेटल्याखेरीज असला नियम होत नाही, याची.

पण खरी मेख पुढे होती. एका केबिनमध्ये एकानं मद्याचं पॅकेज घेतलं, तर दुसऱ्या प्रौढ माणसालाही ते घ्यावं लागतं. अनेक कंपन्यांचा हा नियम आहे. कारण उघड आहे, एकाच्या पॅकेजावर दोघं पितील. आमच्या हिनं आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलेलं नाही, आणि तेही नाक दाबून. तिच्या नावानं ५७८ डॉलर! दोघांचे मिळून अकराशे छप्पन्न, म्हणजे लाखाच्या आसपास रुपये! मी मुलीला म्हटलं, "वेगळ्या केबिन घेऊ." ही म्हणाली, "या वयात वेगळ्या खोल्या घेतल्या, तर बोट मायामीला सुटेल आणि बातमी सोलापूरला पोचेल." पैसे भरले गेले. मुलीनंच भरले, पण मुलीचे पैसे म्हणजे तर देवाघरचं निर्माल्य, ते पायदळी कसं तुडवायचं?

आणि मग माझा हिशेब दुप्पट झाला. ही पिणार नाही म्हटल्यावर वसुलीची जबाबदारी माझ्यावर आली. पाच माझे, पाच तिचे.

इथे मला माझा पहिला सागरप्रवास आठवला. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकणात जायचो. तिथलं आमचं ड्रिंक पॅकेज म्हणजे आईच्या मांडीतला फिरकीचा तांब्या. बोट लागू नये म्हणून तोंडात आवळासुपारी आणि तहान लागली की तांब्याची फिरकी उघडून दोन घोट. तिसरा घोट मागितला तर आई विचारायची, "तहान आहे की तांब्या दिसतोय म्हणून?" त्या वेळी मला तो कंजूषपणा वाटला होता.

बोट निघाली. पहिला दिवस समुद्रावरचा. सकाळी दहा वाजता मी पहिली बिअर मागितली. सकाळी दहाला! ज्या वेळी आयुष्यभर मी कचेरीत मस्टरवर सही करत आलो, त्या वेळी. दुपारपर्यंत दोन झाल्या. जेवताना तिसरी. मग झोप लागली. उठलो ती पाच वाजता, दचकून. दोन शिल्लक! एखाद्या विद्यार्थ्यानं पेपर संपायला दहा मिनिटं असताना राहिलेले प्रश्न सोडवावेत तसे मी ते सोडवले. रात्री वहीत लिहिलं: ५. शेजारी हिचं: मोसंबीचा रस १, कॉफी १. सुधाकर बिचारा एका प्याल्यानं बुडाला. मी एका प्याल्यावर थांबलो असतो, तर बुडालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून गोची सुरू झाली. बोट बंदराला लागली की माणसं खाली उतरतात. कोझुमेल बघायचं म्हणजे दिवसभर मेक्सिकोत. पॅकेज चालतं ते बोटीवर. तिथे निळंशार पाणी बघत असताना माझ्या मनात एकच विचार: आत्ता वर दीड पेला चुकला.

जावई संख्याशास्त्रातला. त्यानं माझी वही पाहिली आणि सांगितलं, की ही माझी एकट्याची व्यथा नाही. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत, १५ डॉलरला, तिकीट दिलं आणि काहींना चिठ्ठी टाकावी तशी न सांगता सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त नाटकांना आली. "म्हणजे बाबा," जावई म्हणाला, "गेलेला पैसा माणसाला ढकलत असतो. वास्तविक तो गेलेलाच असतो. तुम्ही एक प्यालात काय नि दहा काय, कंपनीकडून एक सेंट परत यायचा नाही."

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि वहीत चारच्या जागी दोन लिहिणं यांत फार अंतर आहे.

चौथ्या दिवशीच्या संध्याकाळचं सांगायला हवं. बोटीनं होंडुरासचं रोआतान बेट सोडलं होतं. ही सोलापूरची, समुद्राचं तिला लहान मुलासारखं अप्रूप. ती कठड्याशी उभी होती. मला म्हणाली, "थांबा ना जरा, काय सुरेख ऊन पडलंय पाण्यावर." माझा त्या दिवशीचा आकडा होता दोन. मी म्हटलं, "आलोच," आणि बारकडे गेलो. तिथे रांग होती. हातात पेला घेऊन परतेपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. सूर्य बुडाला होता. हिचे डोळे चमकत होते. "अहो, मासे उडाले! खरोखरीचे उडाले, पाण्यावरून, लांबच्या लांब. पंचवीस-तीस तरी असतील." मी अंधारात बघत म्हटलं, "मला हाक मारायची."

ती म्हणाली, "मारली होती. तुम्ही हिशेबात होतात."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर असतं. हातातला तो तिसरा पेला मी कसा संपवला, मला आठवत नाही. संपवला मात्र नक्की. टाकवला नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी पुन्हा बारवर गेलो. तिथला मुलगा वेंगुर्ल्याचा होता, पहिल्याच दिवशी ओळख निघाली होती. आठ महिन्यांचं त्याचं कंत्राट. रविवार नाही, सण नाही. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांतीचा नियम आहे. म्हणजे उरलेले बाकीचे तास काम करून घ्यायला मोकळीक. आमचे पेले अमर्याद होतात ते असे.

मी त्याला म्हटलं, "बाबा रे, लोक इतकं पितात, तू कुणाला पुरे म्हणत नाहीस?"

तो पेला पुसत म्हणाला, "काका, फारच झालं तर आम्ही थांबवतो. पण त्याच्या अलीकडे पुरे कुठे म्हणायचं, ते मी कसं सांगणार? पूर्वी लोक पाकीट काढताना जरा थांबायचे. पॅकेजवाले थांबत नाहीत."

मी बराच वेळ तिथे बसलो, काही न घेता. त्या मुलाला जे सहज दिसत होतं ते मला त्रैराशिकं मांडूनही दिसलं नव्हतं. सुट्या पेल्याला चौदा डॉलर पडतात तेव्हा पेल्याबरोबर एक प्रश्नही येतो: हवंय का? मला तो प्रश्न अपमानास्पद वाटायचा, गरिबीची आठवण करून देणारा. पॅकेजमध्ये आपण आगाऊ पैसे भरतो ते दारूचे नव्हेतच, त्या प्रश्नातून सुटका व्हावी म्हणून. आणि प्रश्न गेला की 'पुरे' हे उत्तरही जातं. वडिलांची काटकसर आणि अधाशाची हाव यांत मला जमीन-अस्मानाचं अंतर वाटत होतं. ते एका पॅकेजाचं निघालं. पानात टाकू नये हे खरंच. पण त्याच्या आधी आजी दुसरंही एक सांगायची, ते मी सोयीस्कर विसरलो होतो: पानात लागेल तेवढंच वाढून घे.

आता कुणी विचारेल, की मग उरलेले तीन दिवस तुम्ही काय केलंत? मी संत नाही. प्यालो. पण हवं तेव्हा. आणि वही बॅगेत तळाशी टाकली. शेवटच्या रात्री मोहानं पुन्हा काढली आणि बेरीज केली, ती सवय काही सुटायची नाही. माझे पेले पस्तीसपैकी तेवीस. एकशे अठ्ठ्याण्णव डॉलर चोवीस सेंट पाण्यात. हिचा हिशेब मांडलाच नाही. तो मांडला असता, तर माझी बोट तिथेच बुडाली असती. शेवटच्या दोन्ही संध्याकाळी मी कठड्याशी हिच्या शेजारी उभा होतो, सूर्य पूर्ण बुडेपर्यंत. मासे काही उडाले नाहीत. ते पॅकेजात नव्हते.

परवा मुलीचा फोन आला. पुढच्या वर्षी आणखी तिसऱ्याच कंपनीची बोट बघते आहे. तिथे म्हणे पॅकेजाचे चार प्रकार आहेत. "बाबा, तुमच्यासाठी कोणतं घेऊ?"

मी उत्तर द्यायच्या आत हिनं फोन माझ्या हातातून घेतला. "काही घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "मी इथूनच फिरकीचा तांब्या आणते."