वालाच्या मुळाशी

गेल्या जानेवारीत भिवंडीजवळ, नाशिक महामार्गालगतच्या एका नव्या गोदामाला आशीर्वाद देण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील दोन तरुणांना तेथे नोकरी लागली होती, आग्रह त्यांचाच. प्रार्थना झाली, पवित्र जल शिंपडले. काँक्रीटवर थेंब तसेच राहिले, मुरले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या जागी भाताचे खाचर होते.

कुंपणापलीकडे एक खाचर अद्याप शिल्लक होते. भातकापणीनंतर मातीतल्या ओलीवर आपल्या ठाणे जिल्ह्यात वाल पेरतात, तसा तेथे वाल उभा होता. राखणदाराला विचारून एक रोप उपटले. मुळांवर बारीक गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी. ऱ्हायझोबियम नावाचे जिवाणू तेथे राबत असल्याची ती खूण. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण भाताच्या रोपाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडून वालाला देतात. वाल त्यांना साखर पुरवितो. शेंगा तोडल्यावर मुळे आणि पाला मातीत कुजतात, म्हणजे बुरशी व इतर जिवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्यातून सुटलेल्या अन्नाचा काही भाग पावसाळ्यात भाताच्या वाट्याला येतो. आपल्या आजोबांना हे शास्त्र ठाऊक नव्हते; वालानंतरचा भात जोमदार येतो एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

सेमिनरीत न्यायाची व्याख्या पाठ केली होती : ज्याचे त्याला देणे. येथे सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याने जमीन विकली, भाव घेतला, कोणास फसविले नाही. मग मनाला रुखरुख का? जिवाणूंना हक्क असतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. संत थॉमस अक्विनास यांचा न्याय माणसामाणसांतलाच. परंतु, वाचकहो, सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, पीक लिहिलेले असते. जमिनीचा कस कोणाच्या नावे असतो? तो शेकडो वर्षांत घडला, आणि धन्याकडे तो ठेव म्हणून आला. भराव आणि काँक्रीट पडले की पाला, पाणी, हवा तुटते आणि हे चक्र थांबते. निसर्गात एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न होते, आपल्या कारखानदारीला ते साधलेले नाही, याकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लक्ष वेधले होते.

तरीही गोदामाला नावे ठेवणे मला जमत नाही. दोन घरांत दरमहा पगार येतो. खाचराच्या एवढ्याशा तुकड्यावर तो आला नसता. मात्र भरावापूर्वी वरची फूटभर माती खरवडून शेजारच्या शेतात टाकता आली असती. मालकांपाशी तसे बोललो. गृहस्थ सज्जन आहेत. म्हणाले, "फादर, पुढच्या प्लॉटच्या वेळी आठवण करा."

पुढचा प्लॉट म्हणजे तो वालाचाच.