नाव सापडले, माणूस सापडला का?



प्रारंभी एक कोडे घालतो. जन्मनाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतला, परंतु लोकांच्या प्रश्नांकडे पाठ फिरवली नाही. निजामी राजवटीच्या काळात हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ओळखा पाहू, कोण? मराठवाड्यातील वाचकांच्या ओठांवर स्वामी रामानंद तीर्थ हे नाव केव्हाच आले असेल.

विष्णुपुरीतील माझ्या परिचयाचे काही तरुण हा खेळ मोठ्या आवडीने खेळतात. एकाने मनात एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे नाव धरायचे आणि इतरांनी केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत वीस प्रश्नांच्या आत ते नाव शोधायचे. पूर्वी असे खेळ ओट्यावर बसून होत. आता मित्र पांगले आहेत. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, तर एक शारजाला आहे. म्हणून आठवड्यातून दोन रात्री, इशाच्या नमाजनंतर, सारे मोबाइलवर एकत्र येतात. त्यांच्या आग्रहावरून मीही त्यात सामील होऊ लागलो.

इमामाने असल्या खेळात बसावे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो रास्त आहे. ज्या खेळात पैज लावली जाते तो जुगार आहे आणि कुरआनने तो स्पष्टपणे निषिद्ध ठरविला आहे. ज्या खेळापायी नमाज चुकते किंवा अभ्यास बुडतो, त्याचेही समर्थन करता येणार नाही. परंतु कोडे घालून बुद्धीला चालना देणे ही तर प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत आहे. सहीह बुखारीत ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची हदीस आहे. एकदा प्रेषितांनी (स.) सोबत्यांना विचारले की, ज्याची पाने गळत नाहीत आणि ज्याला मुस्लिमाची उपमा शोभते, ते झाड कोणते? लोकांचे विचार रानावनातील झाडांकडे धावले. इब्ने उमर (रजि.) यांच्या मनात खजुरीचे झाड आले होते, पण वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यास ते लाजले. शेवटी प्रेषितांनीच (स.) खजुरीचे नाव सांगितले. पुढे मुलाच्या मनात योग्य उत्तर आले होते हे कळल्यावर ह. उमर (रजि.) यांना हळहळ वाटली, तू बोलला असतास तर मला किती आनंद झाला असता! म्हणजे कोड्याला आपल्या परंपरेत मान आहे.

या खेळाचा लाभही मी पाहिला आहे. श्रीरामपूरचा जहीर खान ही पोरे तीन प्रश्नांत ओळखतात. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेले शाहीर अमर शेख, हे त्यांना खेळातूनच समजले. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण यांनी 1990 साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले होते, हेही तसेच. एका रात्री मी शोएबुल्लाह खान यांचे नाव मनात धरले. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक संस्थान भारतात विलीन व्हावे, असे निर्भयपणे लिहीत. म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या झाली. वीसही प्रश्न संपले, तरी कोणालाच नाव सांगता आले नाही. दरवर्षी 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करणाऱ्या मुलांना त्या रात्री आपल्याच इतिहासातील एक माणूस नव्याने भेटला.

येथवर सारे ठीक होते. आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो.

आमच्यात मुखेड तालुक्यातील एक विद्यार्थी होता. खेळात सर्वांत तल्लख तोच. एकदा तो सलग चार बैठकांना आला नाही. कोणी म्हणाले, परीक्षा असेल. कोणी म्हणाले, मागच्या डावात हरला म्हणून रुसला असेल. यावर सारे हसले आणि, अल्लाह क्षमा करो, मीही हसलो. नंतर कळले की त्याचे वडील येथेच, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दाखल होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, रक्ताची गरज पडली आणि रात्रीमागून रात्री तो मुलगा वॉर्डाबाहेरच्या बाकावर एकटा बसून होता. आमच्यापैकी काही जणांच्या खोल्यांपासून ते रुग्णालय पायी दहा मिनिटांवर आहे. अल्हम्दुलिल्लाह, वडील बरे होऊन गावी गेले. मी त्याची क्षमा मागू लागलो, तेव्हा तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “मौलाना, मीच कुणाला सांगितलं नव्हतं.”

त्याने आमची लाज राखली. पण माझ्या मनातील प्रश्न काही मिटला नाही. जहीर खानचे गाव, अमर शेखांचे मूळ नाव, सारे आम्हाला ठाऊक होते. ज्याच्यासोबत आठवड्यातून दोनदा हसत होतो, त्याच्या घरी काय चालले आहे याचा मात्र आम्हाला पत्ता नव्हता. मग ‘ओळखणे’ म्हणजे नेमके काय?

सूरह हुजुरातमधील लागोपाठच्या तीन आयती या प्रश्नाच्या मुळाशी नेतात. पहिलीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि टोपणनावांनी हिणवण्यास मनाई आहे. दुसरीत बराचसा संशय टाळण्याची ताकीद आहे, कारण काही संशय हे पापच असतात. तिसरीत सांगितले आहे की, माणसांची कुळे आणि जमाती परस्परांची ओळख व्हावी म्हणून निर्माण केल्या आहेत आणि अल्लाहच्या दृष्टीने श्रेष्ठ तोच, जो अधिक ईशपरायण आहे. खेळातील नावाचा अंदाज चुकला तर एक गुण जातो. अनुपस्थित भावाविषयीचा अंदाज चुकला तर त्याचा हक्क मारला जातो. तो रुसला असेल हा आमचा अंदाज दुसऱ्या प्रकारचा होता.

तिसऱ्या आयतीत आलेली ‘तआरुफ’ ही कल्पना तर आणखी विचार करायला लावते. अरबी व्याकरणात हे क्रियारूप परस्परतेचे आहे. मी तुला ओळखावे आणि तू मला. प्रसिद्ध व्यक्तीशी आपली ओळख एकतर्फी असते. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही; त्यामुळे त्याच्या दुखण्याखुपण्याला धावून जाण्याचे कर्तव्यही आपल्यावर येत नाही. अशी ओळख सोपी असते, म्हणूनच ती गोड लागते. मित्राची ओळख मात्र रात्री-अपरात्री आपल्याकडे काही मागू शकते.

सहीह मुस्लिममधील ह. उवैस करनी (रह.) यांचा प्रसंग आपण ऐकला असेल. या दृष्टीने तो पुन्हा पाहा. येमेनहून तुकड्या येत, तेव्हा खलीफा ह. उमर (रजि.) त्यांच्यात एका माणसाचा शोध घेत. त्याच्या खुणा स्वतः प्रेषितांनी (स.) सांगून ठेवल्या होत्या. अखेर तो भेटला आणि प्रश्न सुरू झाले. आपण उवैस इब्ने आमिर का? हो. मुराद जमातीचे, त्यातील करन शाखेचे? हो. अंगावर कोड होते आणि दिरहमाएवढी जागा सोडून ते बरे झाले? हो. आई आहे? हो. जणू आमचाच खेळ! पण नाव जुळल्यावर ह. उमर (रजि.) यांनी डाव संपविला नाही. आपल्या क्षमेसाठी प्रार्थना करण्याची त्यांनी उवैस यांना विनंती केली. कुठे निघालात, हे विचारले. कूफाच्या सुभेदाराला पत्र देऊ का, असेही विचारले. उवैस यांनी सामान्य लोकांत राहणेच पसंत केले. पुढच्या वर्षी कूफाचा एक प्रतिष्ठित माणूस हजला आला, तेव्हा ह. उमर (रजि.) यांनी त्याच्याजवळ पुन्हा उवैस यांची विचारपूस केली. ज्याला जग ओळखत नव्हते, त्याच्या खुणा प्रेषितांनी (स.) सांगितल्या होत्या आणि तो सापडल्यावरही खलीफाने त्याला विसरू दिले नाही.

आपण म्हणाल, एवढ्याशा खेळावर इतके ओझे कशाला? खेळाचा यात दोष नाही. मोबाइलचाही नाही, त्याच मोबाइलवरून त्या मुलाला फोन करायला दोन मिनिटे पुरली असती. दोष एवढाच की खेळातील सहवासाला आम्ही ओळख समजून बसलो.

आमचा खेळ आजही चालू आहे. फक्त आरंभी आम्ही कोण आले नाही ते पाहतो, आणि जो आला नाही त्याच्याविषयी अंदाज न बांधता एक जण त्याला फोन लावतो. पालकांनाही माझी विनंती आहे की, हा खेळ घरी मुलांसोबत अवश्य खेळा. मात्र एखादा डाव घरातल्या माणसांवर खेळा. दादीचे माहेर कोणते? अब्बूंनी पहिली मजुरी कोठे केली? मशिदीत पहाटे दिवा लावणाऱ्या मुअज्जिन साहेबांचे गाव कोणते? उत्तर आले नाही तर ते त्यांनाच जाऊन विचारा. एका प्रश्नाच्या निमित्ताने दादीजवळ जाऊन बसणे हेही पुण्यच आहे.

अल्लाह आपल्याला ज्यांच्यात ठेवतो त्यांचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो, आणि ज्यांना कोणीच ओळखत नाही, त्यांच्या प्रार्थनेत आपल्याला वाटा देवो. आमीन.