रानाचे पाहुणे

सन २०२२ मध्ये सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून दूरध्वनीवर काढलेले ‘काय झाडी, काय डोंगार’ हे उद्गार ऐकून सारा महाराष्ट्र हसला. त्यातील राजकारण आम्ही बाजूस ठेवतो. परंतु दुष्काळी मुलखातील माणसास हिरवा डोंगर पाहून विस्मय वाटावा, यात हसण्याजोगे ते काय, हे आम्हां सांगोलेकरांस उमगले नाही. खरा प्रश्न निराळाच आहे. विस्मय वाटला, एवढ्याने रानाविषयीचे आपले कर्तव्य पुरे होते काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो शिवसागराच्या काठी. वासोट्याचे अरण्य पाहावे म्हणून आम्ही काही मंडळी बामणोलीजवळ तंबू ठोकून राहिलो होतो. दिवसभर कोयना अभयारण्यातील दाट झाडीतून गड चढून उतरलो, झाडांची तोंड भरून स्तुती केली, आणि रात्री खरकटी भांडी साबणाच्या फेसासकट वाहत्या ओढ्यात खुशाल विसळली. घरी हंडाभर पाणी पुरवून पुरवून वापरणारे आम्ही. परंतु येथे पाण्यास तोटा नाही आणि गावही आपले नव्हे, एवढ्यावरच आमची जन्माची सवय सुटली.

वास्तविक ते पाणी परके नव्हते. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सांगोल्यास ५०० च्या आसपास. डोंगराने आमचा पाऊस अडविला, अशी तक्रार करता येईल. पण त्याच डोंगरातून तो नद्यांच्या रूपाने आमच्याकडे वळतो. शिवसागराचे पुष्कळसे पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरते; काही मात्र कोयनेतून कऱ्हाडास कृष्णेला मिळते, आणि कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने उपसले जाऊन सांगोला तालुक्याच्या काही भागांत पोचते. म्हणजे आम्ही आमच्याच हंड्यात फेस ओतीत होतो.

येथे कोणी विचारील, हे पाणी सांगोल्यास येत नसते, तर अपराध उणा ठरला असता काय? आमच्या मते, मुळीच नाही. ओढ्याच्या खालच्या अंगास कोणीतरी पाणी पिणारे असतेच. तो मनुष्य असो वा जनावर. आपला संबंध कळल्याने कर्तव्य उत्पन्न होत नाही, ते केवळ दिसू लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही भांडी ओढ्यापासून दूर नेऊन राखेने घासली. झाडीची स्तुती मात्र त्या सकाळी कोणीच केली नाही.