वृद्धांच्या आरोग्य-मूल्यमापनाची कल्पना : इंग्लंडमधील वाटचाल

वृद्ध व्यक्तीच्या आरोग्याचे मूल्यमापन केवळ रोगनिदानाने पुरे होत नाही, ही जाणीव इंग्लंडमध्ये रुजली ती गरीबखान्यांच्या इस्पितळांतून. लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारच्या गरीबखान्यातील रुग्ण सोपवण्यात आले, तेव्हा डॉ. मार्जरी वॉरेन यांना असे आढळले की, असाध्य ठरवून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या अनेकांची धड तपासणीच झालेली नव्हती. त्यांनी प्रत्येकाचे शरीर, मन आणि घरची परिस्थिती यांचा एकत्र विचार केला आणि त्यांतील कित्येक जण पुन्हा उठून हिंडूफिरू लागले.

ही समग्र दृष्टी पुढे व्यवस्थेतच दुभंगली. १९४८ मध्ये वैद्यकीय सेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली आणि निवास व दैनंदिन आधार यांची जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे राहिली. पहिली सेवा मोफत, तर दुसरी उत्पन्न तपासून मिळणारी. परिणामी डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवा अधिकारी एकाच वृद्धेला तेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारीत राहिले. दरम्यान अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली श्रेणी आणि १९६५ चा बार्थेल निर्देशांक यांनी आंघोळ, कपडे घालणे, जेवणे अशा क्रिया माणूस स्वतः किती करू शकतो याचे मोजमाप ठरवून दिले. विविध व्यावसायिकांना त्यामुळे समान परिभाषा मिळाली खरी, पण त्या व्यक्तीला काय हवे आहे, याला तक्त्यात रकानाच नव्हता. टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात अशाच उणिवेवर बोट ठेवले आणि आजारापलीकडचे माणूसपण हा शुश्रूषेचा पाया मानला.

मोजमाप आणि व्यक्तिकेंद्री दृष्टी हे दोन्ही प्रवाह मार्च २००१ मधील वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय सेवा-आराखड्यात एकत्र आले. त्यातील ‘एकल मूल्यमापन प्रक्रिया’ म्हणजे आरोग्य आणि समाजसेवा या दोन्ही यंत्रणांनी एकदाच माहिती घेऊन ती आपापसांत वाटून घेणे आणि गरजेनुसार प्राथमिक संपर्कापासून सर्वंकष तपासणीपर्यंत खोलात जाणे. स्कॉटलंड आणि वेल्सनेही थोड्याफार फरकाने हीच वाट धरली. मात्र शासनाने देशभर एकच नमुना लादला नाही, स्थानिक यंत्रणांनी आपापली साधने निवडली, आणि संगणकप्रणालींचा मेळ न बसल्याने पुष्कळ ठिकाणी सुधारणेचा जोर अर्जांच्या जुळवाजुळवीतच खर्ची पडला.

अधिक मूलभूत पेच मात्र कल्पनेतच होता, आणि त्याची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. माहिती सामायिक करणे ही प्रामुख्याने यंत्रणेची सोय होती, तर व्यक्तिकेंद्री असणे ही त्या व्यक्तीच्या बाजूची मागणी. घरी येणाऱ्या परिचारिकेपाशी विश्वासाने सांगितलेली पडल्याची किंवा एकटेपणाची गोष्ट, मदतीचे शुल्क ठरवणाऱ्या किंवा वृद्धाश्रमात जाण्याचा सल्ला देणाऱ्या कार्यालयाच्या हाती जावी, असे प्रत्येक वृद्धेला वाटेलच असे नाही. नोंद देण्याघेण्यापूर्वी तिची संमती घेण्याची तरतूद होती. परंतु मदत मिळण्यासाठीच स्वाक्षरी करावी लागत असेल, तर ती संमती कितपत मोकळी मानावी, याचे उत्तर एकाही नमुन्यात बसणारे नव्हते.