यजमानाचा श्वास

‘श्वास घ्यायला फुरसत नाही’ असं मी दरवर्षी चतुर्थीच्या आठवड्यात म्हणत आले. बोरिवलीत बाभईला आमचं दोन खोल्यांचं घर. गणपती दीड दिवसाचा, पण दर्शनाला साठ-सत्तर माणसं येतात. आठ वर्षांपूर्वी विसर्जन करून परतलो, रिकामा पाट पाहिला आणि लक्षात आलं, यंदाच्या मूर्तीचा पीतांबर कोणत्या रंगाचा होता ते मला आठवतच नाही. मुलाच्या मोबाइलमधला फोटो पाहिला. जांभळा होता. दीड दिवस देव घरात होता आणि मी त्याला पाहिलंच नव्हतं. त्या रात्री मला फार रडू आलं.

पुढच्या वर्षी मी गोराईला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. ज्या जेट्टीवर आमच्याकडची माणसं गणपती बोळवतात, तिथूनच विपश्यनेच्या पॅगोडाला जाणारी बोट सुटते. खाडीपलीकडचा तो सोनेरी घुमट विसर्जनाच्या वेळी दिसायचा, पण तिकडे कधी पाय वळले नव्हते. ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि ही साधना त्यांनी इथे शिकवायला सुरुवात केली. पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा जाणायचा. लांबवायचा नाही, मोजायचा नाही. मन भरकटलं की न रागावता परत यायचं.

घरी आल्यावर मनात एक प्रश्न घोळत राहिला. बुद्धाच्या वाटेवर शिकलेली गोष्ट गणपतीच्या घरात आणावी का? शिबिरात इतर पूजा-जप दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात, आणि त्या शिस्तीचा मी आदर करते. शिवाय दोन्ही वाटा एक नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायाम म्हणजे श्वासाची गती रोखणं. आनापानात श्वासाला हातही लावायचा नाही.

उत्तर मिळालं ते चतुर्थीच्या सकाळी, स्वयंपाकघराच्या दारातून पूजा ऐकताना. गुरुजींनी आचमन सांगितलं, मग प्राणायाम. यजमानांनी नाकाला बोटं लावली आणि लगेच काढली. मग संकल्प : आपण कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या मासी, कोणत्या तिथीला बसलो आहोत. त्यानंतर प्राणप्रतिष्ठा. तो क्रम मला पहिल्यांदाच कळला. देवाला ‘ये’ म्हणण्याआधी, ‘मी इथे, या घडीला आहे’ असं यजमानाने सांगायचं असतं, आणि त्याची सुरुवात श्वासापासून होते. मूर्तीत प्राण मागायचे आणि आपण स्वतः मात्र गैरहजर राहायचं, मग त्या आवाहनाला अर्थ काय? गोराईला मी नवीन काही शिकले नव्हते. आमच्याच पूजेतली, नाकाला बोट लावून उरकलेली जागा मला तिथे सापडली होती.

तेव्हापासून मोदक वळताना मी एका कळीला एक श्वास देते. घाईत चिमटलेली उकड चिरते आणि वाफेत सारण बाहेर येतं, हे सासूबाई सांगायच्याच. दाराची बेल वाजली की आधी श्वास पूर्ण सोडते, मग दार उघडते. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे. आरतीतही तेच घडतं. विठ्ठलाच्या आरतीला मुलं सूर लांबवायची चढाओढ करतात. तो लांब सूर म्हणजे लांब उच्छ्वासच. आरती संपल्यावर घर क्षणभर निवांत होतं, ते उगीच नव्हे.

पण श्वासाने काम कमी होत नाही, हेही सांगायला हवं. दमलेल्या बाईला ‘दीर्घ श्वास घे’ सांगून पुन्हा ओट्यापाशी उभं करणं हा अन्याय आहे. उलट श्वासाकडे पाहू लागले तेव्हा मला दिसलं, की प्रत्येक ‘हो, करते’ मी श्वास कोंडून म्हणत होते. मग घरात बोलले. आता नारळ मुलगा खवतो, पानं हे वाढतात आणि प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गॅस बंद असतो. मी पाटाशेजारी येऊन बसते. गुरुजींना विनंती केली आहे, ते प्राणायामाला थोडं थांबतात. आम्ही दोघं डोळे मिटतो. बाहेर ढोल वाजत असतात, कुकर थंड होत असतो, श्वास येतो आणि जातो.

यंदाचा पीतांबर केशरी होता. काठ हिरवा. सोंडेच्या वळणाशी रंगाचा एक बारीक ओघळ सुकून राहिला होता.